हुलग्याचे मणी

आक्का, मागच्या पडवीतली तुझी पेटी मी अजून चालू ठेवली आहे. आत काही नाही. तळाला दोन रिकामे डबे आणि भिंतींना बोटभर बर्फ, एवढंच. सुमन परवा म्हणाली, "आवं, रिकाम्या पेटीला कशाला वीज जाळताय?" मी म्हटलं, जुना डीप फ्रीज एकदा बंद केला की पुन्हा धड चालत नाही. आईस्क्रीमच्या धंद्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर तिने ऐकून घेतलं. खरं कारण ते नाही, हे तिलाही कळतं. पण खरं कारण काय, ते तिला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. तुला तर शेवटपर्यंत नव्हतं.

तू गेलीस त्याला चाळीस दिवस झाले. विट्याच्या या घरात जे जे भेटायला आले, त्या सगळ्यांना मी तुझ्या गोष्टी सांगितल्या. तुला माझा हा रोग ठाऊक आहे. समोरचा माणूस रडायला लागला की मला गोष्ट सुचते. आपला मामेभाऊ बिरूदादा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून दोन दिवस येऊन राहिला होता. जाताना म्हणाला, "गड्या, तुझ्याकडं सुतकात यायचं म्हंजी पोट धरून हसायचं, आन वाटंला लागल्यावर रडायचं." मी ते कौतुक समजून घेतलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बापू, तुझ्या गोष्टीतली मेंढरं दर साली वाढत्यात." आपला हा वाद लहानपणापासूनचा. तू साताऱ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत उभी राहणारी बाई, जेवढं दिसलं तेवढंच लिहिणारी. मी आईस्क्रीमवाला. हवा घातल्याशिवाय आमचा माल फुगत नाही.

रव्याची गोष्ट तर मी या दिवसांत वीसेक वेळा सांगितली असेल. तू पहिल्यांदा ती बाटली घेऊन आलीस तेव्हाची. मला दाखवायला आणली होतीस आणि आमच्या फ्रीजमध्ये ठेवली होतीस. वर नितळ पाणी आणि तळाशी पांढरट बारीक मणी, भिजत घातलेल्या रव्यासारखे. सुमन सकाळी बाटली हातात घेऊन बाहेर आली. "वन्सं, ह्यो रवा तुमी भिजत घातलाय व्हय? इडली करायची हाय का?" तू दात घासत होतीस. तोंडातला फेस तसाच ठेवून जी ओरडलीस, "आगं ठेव खाली! इख हाय त्यात!" मणी नासू नयेत म्हणून त्या पाण्यात कसलंसं जहरी औषध चिमूटभर असतं, हे तू नंतर समजावलंस. पण तोवर सुमनने बाटली अशी काही खाली ठेवली होती, की जणू आत नाग आहे. त्या दिवसापासून तुझ्या बाटलीवर लाल शाईत चिठ्ठी आली: "आक्का. खाऊ नये." प्रयोगशाळेतल्या बाकी सगळ्या बाटल्यांवर इंग्रजी आणि या एका बाटलीवर मराठी. आपल्या घराची ओळख तुला बरोबर होती.

ही गोष्ट ऐकून लोक हसतात. हसून झालं की मी थांबतो. पुढची गोष्ट मी इतकी वर्षं कधीच सांगितली नव्हती, आणि मी गोष्ट सांगायची सोडली असं या घराण्यात आजवर झालेलं नाही.

ते मणी तुला कशाला हवे होते, हे आपल्या नातेवाइकांत कुणाला नीट कळलं नाही. मला कळलं होतं, कारण मला ती मेंढी आठवते. तू अकराची असशील, मी सातचा. आपण उन्हाळ्यात मामाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं बसवली होती त्या रानात, होतो. मामाने एका मेंढीच्या पोटाला हात लावून सांगितलं, ही रिकामी आहे. व्यापारी घेऊन गेला. आठवड्याने तोच व्यापारी पुन्हा आला आणि हसत हसत म्हणाला, कापली तर पोटात दोन होती. मामाने नुसती काठी दुसऱ्या हातात घेतली. तू मात्र त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिलीस. "मामा, तुमाला कसं कळलं न्हाई?" मामा म्हणाला, "पोरी, हाताला डोळं असत्यात व्हय?"

तू ते वाक्य चाळीस वर्षं सोडलं नाहीस. गाभण मेंढीच्या वारेत, म्हणजे व्याल्यावर जी पडते तिच्यात, एक प्रथिन तयार होतं आणि ते आधीपासूनच तिच्या रक्तात उतरलेलं असतं. ते प्रथिन वारेतून शुद्ध करून हातात आलं, तर त्यावरून रक्ताच्या थेंबाची चाचणी बनवता येईल. मेंढी विकायच्या आधी कळेल. बिरूदादा चिडायचा. "म्हंजी माझ्या हातावर तुझा इस्वास न्हाई व्हय?" तू म्हणायचीस, "दादा, तुझा हात धा मेंढ्यात नऊ येळा बरोबर असतोय. मला धावी पायजे." या वादाचा निकाल लागायचा होता. आता बिरूदादा एकटाच दोन्ही बाजूंनी भांडतो.

एकदा तू माझ्या दुकानात फालुदा खात बसली होतीस. ग्लासातल्या जेलीचा तुकडा चमच्यावर धरून विचारलंस, "बापू, ह्ये चायना ग्रास कशाचं असतंय?" मी म्हटलं, समुद्रातल्या शेवाळाचं. "माझं मणी बी त्याचंच. ॲगरोज म्हणत्यात. तुझ्या जेलीचं सख्खं भावंड, निवडून-पाखडून साफ केल्यालं." मग तू मला ते गोखरू सांगितलंस. गोखरू मेंढीच्या लोकरीला धरतं, काचेच्या गोटीला धरत नाही. तसं काही बियांमध्ये एक प्रथिन असतं, लेक्टिन. ते ठरावीक साखरेलाच धरतं, दुसऱ्या कशाला नाही. तुला हवं होतं त्या वारेतल्या प्रथिनाच्या अंगावर नेमके त्या साखरेचे झुपके होते. मण्यांवर लेक्टिन शिवून टाकायचं, मणी नळीत भरायचे आणि वारेचा रस वरून सोडायचा. नको ते सगळं खाली वाहून जातं. हवं ते अडकून बसतं. मग तीच साखर नुसती पाण्यात घालून ओतली, की लेक्टिन तिला धरतं आणि अडकवलेलं सोडून देतं.

"मग साखर माझ्याकडनं ने की पोतंभर," मी म्हणालो.

"तुझी कारखान्याची साखर न्हवं रं. जात येगळी."

तयार मणी परदेशातून यायचे, चिमूटभर बाटलीत, तेही महिनोन्‌महिने वाट पाहून. त्यांत तिकडच्या कुठल्याशा शेंगेचं लेक्टिन. तुझं म्हणणं, त्याच साखरेला धरणारं लेक्टिन आपल्या हुलग्यात आहे. आपण ज्याचं माडगं करून पितो, त्या हुलग्यात. "माणदेशाच्या मेंढीला माणदेशाचा हुलगा," असं म्हणताना तुझा चेहरा परीक्षेत पहिली आल्यासारखा व्हायचा. हुलगा बिरूदादाच्या रानातला, वार त्याच्याच मेंढ्यांची आणि रक्त माझं.

रक्ताचं लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. हुलग्याचं लेक्टिन ए गटाच्या रक्तात पडलं की पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. लेक्टिन जिवंत आहे का ते त्यावरून कळतं. तुझा गट ओ, तुझ्या रक्तात काही व्हायचं नाही. माझा ए. सगळ्या बहिणी भाऊबीजेला ओवाळणी घेतात, माझी बहीण ओवाळून झालं की पर्समधून सुई काढायची. निरांजनाच्या उजेडात काचेच्या पट्टीवर माझा थेंब, त्यात हुलग्याच्या अर्काचा थेंब, आणि तू पट्टी हलवत बसायचीस. लाल थेंबात रवाळ ठिपके दिसायला लागले की म्हणायचीस, "बघ, हुलगा तुला वळखतोय." साडी मी दरवर्षी द्यायचो. तू ती कधी बघितलीस असं मला आठवत नाही.

आता पुढचं.

वार ताबडतोब गोठवायची, हे तू आधीच सांगितलं होतंस. त्यासाठीच माझी जुनी पेटी मागच्या पडवीत लावली. पहिल्या वर्षी बिरूदादाने दिलेला डबा मी गाडीत ठेवला आणि वाटेत एका लग्नात जेवायला थांबलो. घरी येईपर्यंत वास सुटला होता. तू साताऱ्याहून आलीस, झाकण उघडलंस आणि मला जे बोललीस, ते मी सुमनलाही सांगितलं नव्हतं. "बापू, तुझा धंदा थंडीचा. येवढं बी कळत न्हाई?" ते मला लागलं. माझ्या धंद्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी मनात ठरवून टाकलं, आक्काचं काहीही असो, गरम होऊ द्यायचं नाही.

मग तो मे महिना आला. कॉलेजात सुट्टीत वायरिंगचं काम निघालं आणि तुला पेपर तपासायला चार दिवस बाहेरगावी जायचं होतं. हुलग्याचं लेक्टिन जोडलेली पहिली बाटली तयार होती, आणि ती साताऱ्यात बंद फ्रीजमध्ये ठेवायला तुझं मन धजेना. एस.टी.ने मांडीवर घेऊन आलीस. आमच्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवलीस. चिठ्ठी तीच, लाल शाईची. मी विचारलं, आणखी काही काळजी? तू हसलीस. "तुला काय सांगायचं? थंडीतलं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतंय."

तुला माहीतच आहे, मे महिन्यात विट्याची घरं उघडतात. देशभर सोनं गाळायला गेलेले गलाईवाले बायकापोरांसह गावी येतात, जत्रा, लग्नं, आणि माझ्या दुकानापुढे पाय ठेवायला जागा नसते. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या भागातली डीपी जळाली. वीज कधी येईल कुणाला माहीत नाही. मी कुल्फीवर पोती टाकली, बर्फाच्या लाद्या आणल्या, मीठ फोडलं, आणि त्या धावपळीत तुझी बाटली आठवली. फ्रीजचं दार उघडलं तर आत कोमट. डोळ्यांपुढे तू आणि तो वास मारणारा डबा. मी बाटली उचलली आणि पडवीतल्या पेटीत, तुझ्याच वारेच्या डब्यांवर ठेवली. तिथे बर्फ होता. तुझंच सामान तुझ्याच पेटीत. मला वाटलं, काय डोकं चालवलं मी.

दुसऱ्या दिवशी वीज आली, पेटी जोरात सुरू झाली आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत बाटली तिथेच राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी काढली, तर कुल्फीसारखी घट्ट. पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात ती उभी केली. वितळली. आधी वरचं पाणी नितळ होतं, आता ताकासारखं गढूळ झालं होतं. मी बाटली हातात धरून पडवीच्या पायरीवर बसलो.

आक्का, त्या क्षणी मला कळलं होतं. दुकान नवं असताना मी चायना ग्रासची जेली गोठवून पाहिली होती. वितळल्यावर तिने सगळं पाणी सोडलं आणि हातात चिंध्या राहिल्या. त्यानंतर मी जेली कधी गोठवली नाही. तू माझ्या दुकानात, माझ्या ग्लासातली जेली चमच्यावर धरून मला सांगितलं होतंस, मणी तिचंच भावंड आहेत. सबंध सातारा-सांगलीत दुसरा कुणी माणूस चुकला असता तर त्याला माहीत नव्हतं म्हणता आलं असतं. मला म्हणता येत नाही. मी बाटली पुसली, मधल्या कप्प्यात ठेवली, गढूळ खाली बसलं, आणि वर पुन्हा पाणी दिसायला लागलं. तू आलीस, घेऊन गेलीस. जाताना सुमनच्या हातचा चहा घेतलास आणि मला म्हणालीस, "बरं झालं तू हायस."

महिन्याभराने तुझा फोन आला. "बापू, मणी धरत न्हाईत रं. नळी तुंबतीय. भिंगाखाली बघितलं तर निम्मं मणी फुटल्यात." तू विचारलंस, "डीपी जळाली तवा बाटली बाहेर ऱ्हायली हुती का?"

मी म्हणालो, "न्हाई गं. गारच हुती."

खोटं एक अक्षर नव्हतं. तू उन्हाचं विचारलंस, मी उन्हाचं उत्तर दिलं. इतका जपून मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. तू म्हणालीस, "मग माझंच कायतरी चुकलं." आणि फोन ठेवलास.

त्यानंतर तू स्वतःला जे दोषी धरलंस, ते सोडलं नाहीस. पुन्हा मणी करण्याएवढा कच्चा माल तुला लवकर मिळाला नाही. मिळाला तेव्हा तुझा हात धीट राहिला नव्हता. एकदा थोडक्या मालावर सुरू केलंस आणि घाबरून मध्येच थांबवलंस, हे मला नंतर कळलं. वारेचे डबे दोन वर्षं पडवीत पडून होते. मग एक दिवस तूच म्हणालीस, आता नको. बिरूदादा डब्यांतली वार घेऊन गेला आणि रानात पुरून आला. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. सुमनला वाटलं, तब्येत बरी नाही.

सांगायची संधी मिळाली नाही असं म्हणावं, तर तेही म्हणता येत नाही. तू आजारी पडल्यावर तपासण्यांना मी सांगलीला तुझ्याबरोबर येत होतो. त्या दवाखान्याच्या बाकावर आपण रिपोर्टची वाट बघत बसलो होतो, तुझ्या मांडीवर भडंगाची पुडी. तू एकेक दाणा खात होतीस. अचानक म्हणालीस, "बापू, मला वाटतंय मी लय ढवळलं. जोरानं ढवळलं की मणी फुटत्यात, असं पोरांना शिकवती, आन मीच केलं असणार." तुझ्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्याचं पोर हातातून पडल्यासारखा तो आवाज होता. मी तुझ्याकडे वळलो. तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात खिडकीतून तुझा नंबर पुकारला. मी कागद घेऊन आलो, परत बसलो, आणि काय सांगितलं? गलाईवाल्यांच्या वरातीत घोडा कुल्फीच्या गाडीत तोंड घालून उभा राहिला होता, ती गोष्ट. तू हसलीस. भडंग सांडलं. मला वाटलं, आज तिला हसवलं, पुरे. पुढच्या वेळी सांगू.

पुढच्या वेळी तू बाकावर बसण्यासारखी नव्हतीस.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी तुझ्या कॉलेजातल्या मुजावर मॅडम आल्या. तुझ्याच हाताखाली शिकल्या आणि तुझ्याच टेबलाशेजारी नोकरीला लागल्या, त्या. तपकिरी कव्हरच्या तीन वह्या घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी बिरूदादा परत आला होता, तुझी पेटी रिकामी आहे तर नेऊ का, असं विचारायला. मॅडम म्हणाल्या, "बाईंचं काम मी नीट लिहून काढणार आहे. वारेचा भाग, रक्ताचा भाग, सगळं. फक्त हुलग्याचा भाग वगळते. त्यांनी स्वतःच फुली मारून ठेवली आहे." वही उघडून पुढे केली. तुझं ते मुंगीसारखं अक्षर. "हुलगा पद्धत टिकत नाही. मणी फुटले. ढवळण्यात चूक. चूक माझी."

आक्का, तेव्हाही मला वाटलं, गप्प बसावं. तू गेलीस, आता कुणाला काय त्याचं? पण मग पाहिलं, की मॅडम ते पान मिटायला लागल्या आहेत. ते पान मिटलं असतं, तर तू चुकलीस हे कायमचं खरं झालं असतं. आणि ते खरं करणारा मी.

मी सुरुवात केली ती सवयीने गोष्टीसारखीच. "त्या वर्षी मे महिन्यात आमची डीपी जळाली..." सुमन हसायच्या तयारीने पदर तोंडाशी घेऊन बसली. पेटीपाशी आलो, बाटलीपाशी आलो, आणि तिचा पदर हळूहळू खाली आला. माझ्या गोष्टीत पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

बिरूदादा म्हणाला, "आन तू गप ऱ्हायलास?"

"व्हय."

"तिनं इचारलं न्हाई?"

"इचारलं. गारच हुती म्हणलो."

बिरूदादाने पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या मामाच्या हाताला डोळं न्हवतं. तुला तर हुतं की रं."

मॅडमनी कागद काढला. विचारलं, किती वेळ गोठली होती, वितळल्यावर पाणी गढूळ झालं होतं का, मणी पांढरे दिसत होते का. एकेक उत्तर कागदावर लिहून घेत होत्या. शेवटी पेन खाली ठेवलं. "दादा, बाई शेवटपर्यंत त्या ढवळण्यालाच शिव्या घालत होत्या. मी म्हणायची, जाऊ द्या बाई, पुन्हा करू. त्या म्हणायच्या, माझ्या हातावर माझा विश्वास राहिला नाही."

मी म्हटलं, मॅडम, ती ओळ खोडून टाका. त्या म्हणाल्या, "वहीतलं खोडायचं नसतं. बाईंनीच शिकवलंय. जे लिहिलं ते राहतं. खाली नवीन ओळ लिहायची, तारीख घालायची, सही करायची." आणि पेन माझ्यापुढे केलं.

तुझ्या अक्षराखाली माझं अक्षर. दुकानाच्या पाटीवर 'आजचा स्पेशल' लिहितो ना, तसलं मोठं, वाकडं. "बाटली मी डीप फ्रीजमध्ये ठेवली होती. गोठली होती. आक्काला सांगितलं नाही. चूक तिची नाही." सही करताना सुमनने दिवा लावला. ती माझ्याशी त्यानंतर तीन दिवस कामापुरतंच बोलली. बरोबर केलं तिने.

गेल्या आठवड्यात मी आणि बिरूदादा साताऱ्याला तुझ्या प्रयोगशाळेत गेलो. बिरूदादाच्या मांडीवर बर्फाचा डबा, त्यात ताजी वार, आणि पिशवीत दोन शेर हुलगं आणखी लागलं तर असावं म्हणून. वाटेत लग्न दिसलं तरी थांबलो नाही. मॅडमनी आदल्या आठवड्यातच तुझ्या उरलेल्या कच्च्या मालातून नवीन मणी जोडले होते. ढवळताना बाटली हातानेच हळूहळू उलटीपालटी केली होती, तू केलं म्हणून तुझ्या वहीत लिहिलं होतं तसंच. आधी लेक्टिन जिवंत आहे का ते पाहायचं होतं. मी न सांगता बोट पुढे केलं. त्यांनी सुई टोचली. काचेच्या पट्टीवर माझा थेंब, त्यात हुलग्याचा थेंब. पट्टी हलली. लाल थेंबात रवाळ ठिपके उठायला लागले. ओळखलं त्याने मला.

मग नळी. वारेचा रस वरून सोडला, खाली थेंब थेंब पडत राहिला. तुंबलं नाही. बराच वेळ धुऊन झाल्यावर ती वेगळ्या जातीची साखर ओतली. मॅडमनी छोट्या नळ्यांत थेंब धरले आणि प्रत्येकीत रंगाचं औषध टाकलं. पहिल्या नळ्या तपकिरीच राहिल्या. चौथी निळी झाली. पाचवी गडद निळी. रंग मला कळतात, आक्का, माझा धंदाच तो. असा निळा मी कुठल्याही सरबतात पाहिलेला नाही. बिरूदादाने विचारलं, "म्हंजी?" मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मण्यांनी काहीतरी धरलं होतं आणि आता सोडलं. तेच आहे का, ते अजून तपासायचं. एकदा झाल्याने काही ठरत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण हुलगा टिकतो, दादा. बाईंचं बरोबर होतं."

तुझ्या स्टुलावर कुणी बसलं नव्हतं. मीही बसलो नाही.

निघताना मॅडमनी उरलेल्या मण्यांची बाटली दाखवली. चिठ्ठी तुझीच, जुन्या बाटलीवरची काढून नवीवर चिकटवलेली. "आक्का. खाऊ नये." मी लाल पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, "गोठवू नये." मॅडमनी बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवली. दार लागल्यावर मी ते पुन्हा एकदा उघडून बघितलं.

आज संध्याकाळी पडवीतली पेटी बंद करणार आहे. बर्फ वितळेल, फरशीवर पाणी येईल, सुमन ओरडेल. मी पुसून घेईन. त्याआधी एवढं राहिलं होतं. तू फोनवर एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याच्याशेजारच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. आता नीट सांगतो. न्हाई आक्का, बाटली बाहेर ऱ्हायली न्हवती. आत हुती. तुझ्याच पेटीत, वारेच्या डब्यांवर, दीड दिस. मीच ठेवली, मीच काढली, मीच पुसली. तू ढवळलंस ते बरोबर ढवळलंस.